दाराआडची कानडी पिशवी

बेंगळुरातल्या मत्तीकेरे भागात, अजित खांबेट्यांच्या घरी, मुख्य दाराच्या मागे एका खिळ्याला कापडी पिशवी टांगलेली असायची. घरात तिला ‘कानडी पिशवी’ म्हणत. कन्नडमध्ये छापलेला जो कागद घरात येईल, तो त्या पिशवीत जायचा. सोसायटीची नोटीस, पाणीखात्याचं पत्रक, शेजारच्या मुलीची लग्नपत्रिका, मतदारयादीची चिठ्ठी, सगळं तिथेच. महिनाअखेर ती पिशवी खालच्या मजल्यावरच्या विद्याअक्कांकडे जायची. विद्याअक्का सरकारी शाळेत कन्नड शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांच्या पणजोबांपासून घराणं बेंगळुरात, पण घरात मराठी टिकवलेली. त्या चष्मा लावून एकेक कागद बाजूला काढत जायच्या. हे लग्न, हे पाण्याचं, हे फेकून द्या. दहा मिनिटांत पिशवी रिकामी.

परमुलखात राहणाऱ्या माझ्या वाचकांनो, तुमच्या घरात अशी पिशवी नसेलही. पण एखादा खण किंवा फ्रीजवरचा डबा नक्की असेल. तेव्हा खांबेट्यांना हसण्याआधी तो एकदा उघडून बघा.

अजितराव एकतीस वर्षांपूर्वी एका सरकारी कारखान्यात इंजिनिअर म्हणून इथे आले आणि तिथूनच निवृत्त झाले. भाजीवाल्याशी, रिक्षावाल्याशी कन्नड फर्डं बोलत. वाचता मात्र एक अक्षर येत नव्हतं. त्याचं त्यांना कधी काही वाटलंही नाही. “महत्त्वाचं जे असतं ते इंग्रजीत येतंच,” हे त्यांचं ठाम मत होतं, आणि एकतीस वर्षांत ते खोटं ठरलं नव्हतं.

त्यांचा दुसरा विशेष म्हणजे संशय. दूधवाला पाणी घालतो, वॉचमन पार्सलं उघडून बघतो, बँकेतली मुलगी जास्तच गोड बोलते म्हणजे काहीतरी विकणार. पत्नी सुनंदाताई म्हणायच्या, “ह्यांना देव भेटला तरी आधी ओळखपत्र मागतील.” घरात सगळे हसायचे. कोर्टाचं प्रकरण घरात आलं आणि हसणं बंद झालं.

अजितरावांचा धाकटा भाऊ हरी त्यांच्याकडेच राहत असे. वय चव्वेचाळीस, लग्न केलं नाही, स्वभावाने गाय. पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या एका छोट्या इंजिनिअरिंग कारखान्यात तो सुपरवायझर होता. तीन वर्षांपूर्वी तिथल्या प्रेस मशीनमध्ये यल्लाप्पा नावाच्या कामगाराचा हात गेला. तीन बोटं तुटली. मशीनच्या तोंडावरचा लोखंडी गार्ड मालकाने आठवडाभर आधी काढायला लावला होता, कारण गार्ड असला की काम हळू होतं. हरीने शिफ्टच्या रजिस्टरमध्ये लिहिलं होतं, ‘गार्ड बसवेपर्यंत हे मशीन चालवू नये.’ खाली मालकाची सही होती. पण पोलिसांपुढे मालक म्हणाला, मशीनची जबाबदारी सुपरवायझरची. मालक सुटला. रजिस्टरचं ते पान खालच्या कोर्टात नीट सादर झालंच नाही, आणि गेल्या सहा जानेवारीला हरीला निष्काळजीपणाबद्दल सहा महिन्यांची कैद सुनावली गेली.

मॅजिस्ट्रेटनी शिक्षा तीस दिवस थांबवून ठेवली. तेवढ्या मुदतीत सेशन्स कोर्टात अपील करायचं होतं. शेवटचा दिवस पाच फेब्रुवारी. वकील सुधींद्र राव यांनी कोर्टाच्या व्हरांड्यातच सांगितलं, “त्या पानाचा हरींनी काढलेला फोटो आपल्या हातात आहे. अपिलात दम आहे. फक्त तारीख चुकवायची नाही.”

त्या दिवशी अजितरावांनी सगळा कारभार हाती घेतला.

“तू भोळा आहेस,” त्यांनी हरीला सांगितलं. “ह्यापुढे वकिलाशी तू बोलायचं नाहीस. मालकाची माणसं सगळीकडे असतात. तुझा तो नंबर पण बंद कर.”

“दादा, पण वकिलांना काही विचारायचं असलं तर?”

“मला विचारतील. मी मेलोय का?”

हरीने दुसऱ्याच दिवशी सिम बदललं. मग अजितराव चिकपेटला, साड्यांच्या दुकानावरच्या सुधींद्र रावांच्या ऑफिसात गेले आणि त्यांनी बजावलं की फोनवर काही बोलायचं नाही, फोन रेकॉर्ड होतात. जे असेल ते लेखी पाठवा. सुधींद्र रावांनी विचारलं, “माझा क्लार्क कन्नडमध्ये टाइप करतो. चालेल ना?”

अजितरावांना ते कमीपणाचं वाटलं. “एकतीस वर्षं बेंगळुरात आहे, साहेब. कन्नडचा काय प्रश्न?”

उठताना त्यांनी अजून एक पुडी सोडून दिली, की आम्ही दुसऱ्या वकिलांचाही सल्ला घेतोय. तसं काहीच नव्हतं. वकिलाला जरा धाकात ठेवावं, एवढाच हेतू. सुधींद्र राव नुसते “सरी”, म्हणजे ठीक आहे, एवढंच म्हणाले.

घरी आल्यावर त्यांनी सुनंदाताईंना ताकीद दिली, की पिशवी आता विद्याअक्कांकडे द्यायची नाही.

“का बरं?”

“कोर्टाचं काही येईल त्यात. बाई चांगली आहे, पण बाईच. महाराष्ट्र मंडळात संध्याकाळपर्यंत बोभाटा होईल. खांबेट्यांचा भाऊ सजायाफ्ता.”

संक्रांतीला विद्याअक्का तीळ-खोबरं-गुळाची पुरचुंडी घेऊन आल्या. जाताना त्यांनी दाराआड नजर टाकली. “पिशवी भरलेली दिसते की हो. देता का?”

“ह्या महिन्यात विशेष काही नाही, अक्का,” अजितराव दारात उभे राहून म्हणाले.

त्या एक क्षण थांबल्या, मग हसून जिना उतरल्या. त्या का थांबल्या, ह्यावर अजितराव दोन दिवस विचार करत होते.

जानेवारी असाच गेला. अनोळखी नंबरवरून दोन-तीनदा फोन आले. एकदा पलीकडचा माणूस हिंदीत म्हणाला, “सर, कोर्ट के काम के लिए…” अजितरावांनी पुढचं ऐकलंच नाही. कोर्टाचं नाव सांगून लोकांना लुबाडणाऱ्या टोळ्यांच्या बातम्या ते रोज वाचत होते. नंबर ब्लॉक. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो हे समजू शकतं, पण अजितरावांचं तोंड कधी पोळलंच नव्हतं. ते ताकही पीत नव्हते आणि दूधही.

“वकिलाकडून काही आलं का?” हरी दर चार दिवसांनी विचारायचा.

“नाही. लेखी पाठवायला सांगितलंय. मुद्दाम पाठवत नाहीये. मला सगळा डाव दिसतोय.”

“मग आपणच जाऊन यायचं का?”

“आपण गेलो की आपली गरज दिसते. तू थांब.”

तेरा फेब्रुवारीला, गुरुवारी सकाळी, दारात एक पोलीस उभा राहिला. आवाज मऊ होता, पण हातात कागद होता. “हरी खांबेटे यहीं रहता है ना? अपील का टाइम खतम हो गया, सर. वॉरंट है. सोमवार तक खुद कोर्ट में आ जाए तो अच्छा. नहीं तो हमको लेके जाना पड़ेगा.”

सुनंदाताईंनी स्वयंपाकघराच्या दाराला हात टेकला. हरी कारखान्यात गेलेला होता. जुनी नोकरी सुटल्यावर दुसऱ्या एका कारखानदाराने त्याला रोजावर ठेवलं होतं. तुरुंगात गेला तर हीही नोकरी जाणार होती, आणि सहा महिन्यांनी बाहेर आलेल्या माणसाला पीण्यात सुपरवायझर म्हणून कोण घेतं?

अजितराव मात्र एखादं गणित सुटावं तसे ताठ उभे राहिले. “बघ,” पोलीस गेल्यावर ते म्हणाले. “मी म्हणत नव्हतो? विकला गेला. मालकाने वकील विकत घेतला. तीस दिवस माणूस गप्प बसतो म्हणजे काय?”

दुसऱ्या दिवशी त्यांनी बेंगळुरातल्याच शिवाजीनगरला श्रीहर्ष नावाच्या वकिलाला गाठलं. कुणाच्या तरी ओळखीतून नाव मिळालं होतं. श्रीहर्षने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “सोपं आहे. उशीर माफ करण्याचा अर्ज करायचा. उशिराचं कारण प्रतिज्ञापत्रावर द्यायचं. पहिल्या वकिलाने काही कळवलंच नाही, असं लिहू. वकिलाच्या चुकीची शिक्षा कोर्ट सहसा पक्षकाराला देत नाही.”

“हे खरंच आहे,” अजितराव म्हणाले. त्या क्षणी त्यांना ते खरंच खरं वाटत होतं, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं.

प्रतिज्ञापत्राचा मसुदा संध्याकाळपर्यंत तयार झाला, स्वच्छ इंग्रजीत. सुधींद्र राव यांनी हेतुपुरस्सर माहिती दडवली, असं त्यात होतं. ‘हेतुपुरस्सर’ हा शब्द अजितरावांनी स्वतः घालायला लावला होता. सह्या सोमवारी सकाळी करायच्या ठरल्या. हरीने मसुदा दोनदा वाचला आणि टेबलावर ठेवला.

शनिवारी सकाळी नळाला पाणी आलं नाही.

सुनंदाताईंनी बादली नळाखाली ठेवली, काढली, पुन्हा ठेवली. समोरच्या स्मृतीला विचारलं तर ती म्हणाली, “आंटी, टाकी धुणार म्हणून नोटीस होती ना? चार दिवसांपूर्वी आलीय. आम्ही काल सगळं भरून ठेवलं.” नोटीस अर्थातच दाराआडच्या पिशवीत होती. एरवी सुनंदाताई नवऱ्याच्या शब्दाबाहेर जात नसत. पण आदल्या दोन दिवसांत त्यांना झोप नव्हती, आणि आता आंघोळीला पाणी नव्हतं. अजितराव फिरायला गेलेले बघून त्यांनी पिशवी खिळ्यावरून काढली आणि सरळ खाली गेल्या.

“सगळं बघा अक्का,” त्या म्हणाल्या. “आणखी काय काय चुकलंय ते एकदाच कळू दे.”

तासाभराने विद्याअक्का स्वतः वर आल्या. अजितराव परतले होते, हरी कोपऱ्यात स्टुलावर बसला होता. अक्कांच्या हातात उघडलेलं एक लांबट पाकीट होतं. त्या बसल्या नाहीत.

“अजितअण्णा, हे तुमच्या पिशवीत होतं. बंदच होतं, मी फोडलं. स्वल्प बसा तुम्ही.”

“काय आहे ते?”

“वकील सुधींद्र रावांचं पत्र. तेरा जानेवारीचं. पोस्टाने आलंय.” त्यांनी चष्मा सारखा केला आणि शाळेत धडा वाचावा तशा एकेक वाक्य कन्नडमधून वाचून मराठीत सांगू लागल्या. अपील तयार आहे. हरी खांबेटे यांनी येऊन सह्या करायच्या आहेत. रजिस्टरच्या पानाचा मूळ फोटो ज्या फोनमध्ये आहे तो फोन घेऊन यावे. तुम्हाला फोन केला, लागला नाही. हरी यांचा नंबर बंद आहे. शेवटची तारीख पाच फेब्रुवारी. “आणि शेवटी लिहिलंय, तुम्ही दुसरा वकील केला असेल तर माझी हरकत नाही, सगळे कागद घेऊन जा, पण कृपा करून तारीख चुकवू नका.”

बाहेर टाकी घासल्याचा आवाज येत होता.

“हे नंतर आणून टाकलंय कुणीतरी,” अजितराव एकदम म्हणाले. “आमच्या पिशवीत आलं कसं? पिशवी तुमच्याकडे होती तासभर.”

सुनंदाताईंनी मान खाली घातली. विद्याअक्का रागावल्या नाहीत. त्यांनी पाकीट उलटं करून अजितरावांसमोर धरलं. पोस्टाचा शिक्का सोळा जानेवारीचा होता.

आणि मग अजितरावांना तो दिवस आठवला. संक्रांत होऊन चार दिवस झाले होते. पोस्टमनने पुढे केलेल्या पोचपावतीवर त्यांनी पेन फिरवलं होतं. पत्ता कन्नडमध्ये, पाठवणाऱ्याचं नाव कन्नडमध्ये. कसलं तरी आमंत्रण असेल, म्हणून त्यांनी चालता चालता ते पिशवीत सोडलं होतं. महत्त्वाचं असतं तर इंग्रजीत आलं असतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं आपण सहज म्हणतो. इथे कळसा महिनाभर दाराआड लोंबकळत होता, आणि गावातल्या प्रत्येकावर तो चोरल्याचा आळ घेऊन झाला होता.

“तुम्हाला… तुम्हाला हरीचं कळलं म्हणजे आता,” ते कसंबसं म्हणाले.

“मला सात जानेवारीलाच कळलं, अण्णा. आमच्या कन्नड पेपरात आलं होतं, आतल्या पानावर चार ओळी. पीण्याचं नाव, हरीचं नाव.” विद्याअक्का आता खुर्चीवर बसल्या. “कुणाला सांगितलं नाही. संक्रांतीला मुद्दाम पिशवी मागितली. म्हटलं, कोर्टाचं काही असेल तर वाचून देऊ. तुम्ही नाही म्हणालात. मग मी कशी मागू?”

अजितराव उठले, खिडकीपर्यंत गेले, परत आले. टेबलावरचा इंग्रजी मसुदा त्यांनी हातात घेतला. डोकं अजून जुन्याच वाटेने चालत होतं. “ठीक आहे. झालं ते झालं. पण कोर्टाला ह्या पत्राचं काय माहीत? मिळालंच नाही म्हणू. श्रीहर्षने लिहिलंय ते तसंच राहू दे. आधी हरीला वाचवायचं. मग बघू.”

“आणि सुधींद्र राव?” अक्कांनी विचारलं.

“वकील आहे तो. त्याचं काय बिघडतंय?”

“हेतुपुरस्सर म्हणून लिहिलंय ना तुम्ही? सुनंदाने सांगितलं मला. माणसाची सनद जाते अशाने. नाही गेली तरी नाव जातं. तुम्हाला नावाची एवढी काळजी, की भावाची शिक्षा शेजारणीला कळू दिली नाहीत. त्याला नाव नाही का?”

“अक्का, तुम्हाला कोर्टातलं कळत नाही.”

“सरी. कोर्टातलं नाही कळत. वर्गातलं कळतं. चाळीस पोरांच्या वर्गात काच फुटली की पहिलं बोट जो दाखवतो, त्याच्याकडे मी आधी बघायची.” त्यांचा आवाज चढला नव्हता. “तुम्ही दूधवाल्यावर संशय घेतलात, वकिलावर घेतलात, माझ्यावर आत्ता घेतलात. घ्या, माणसाने सावध असावं. पण एकदा तरी स्वतःवर घ्यायचा होता. मला वाचता येत नाही, माझं काही राहून जात असेल, एवढा एक संशय आला असता तर परवा तो पोलीस दारात आला नसता.”

अजितरावांनी हरीकडे पाहिलं. त्यांना वाटलं, निदान हा तरी आपल्या बाजूने बोलेल. ह्याच्याचसाठी तर सगळं चाललंय.

हरी स्टुलावरून उठला. तो मोठ्या भावासमोर सहसा उभा राहून बोलत नसे.

“दादा, मशीनचा गार्ड मालकाने काढायला लावला. मी लिहिलं खरं, पण मशीन बंद नाही केलं. नोकरी जाईल म्हणून. यल्लाप्पाची बोटं गेली त्यात माझाही वाटा आहे, तेवढा मी रोज मोजतो. पण मालक काय म्हणाला पोलिसांपुढे? मला काहीच माहीत नव्हतं, सगळं सुपरवायझरने केलं.” “माझ्या अंगावर ते कसं आलं हे मला माहीत आहे. आता तेच आपण राववकिलांच्या अंगावर टाकायचं? मग मालकात आणि आपल्यात काय फरक राहिला? मी सही नाही करणार. जाईन आत.”

आजवर धाकट्या भावाने ‘नाही’ म्हटल्याचं अजितरावांना आठवत नव्हतं. आणि अजित खांबेटे रडले! आईच्या वेळी न रडलेला माणूस त्या दिवशी शेजारणीसमोर, तोंडावर हात घेऊन रडला. हरीने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. सुनंदाताईंनी मसुदा उचलला, दुमडला आणि केराच्या डब्यात टाकला.

दुपारी अजितराव, सुनंदाताई आणि हरी चिकपेटला गेले. शनिवारची गर्दी, साड्यांचे गठ्ठे डोक्यावर घेतलेले हमाल, त्यातून वाट काढत ते अरुंद जिना चढले. सुधींद्र राव एकटेच होते. अजितरावांनी खुर्चीत बसण्याआधीच सगळं सांगून टाकलं. कन्नड वाचता येत नसल्याचं सांगितलं, फोन ब्लॉक केल्याचं सांगितलं, दुसऱ्या वकिलाची थाप सांगितली. शेवटी त्या प्रतिज्ञापत्राचंही सांगितलं, जे सांगायची काही गरज नव्हती.

सुधींद्र रावांनी कपाटातून फाइल काढली. पत्राची प्रत होती, आणि तिला टाचलेली पोचपावती. त्यावर अजितरावांची सही, इंग्रजीत, झोकदार. “तुमचं ते प्रतिज्ञापत्र कोर्टात आलं असतं,” ते इंग्रजीत म्हणाले, “तर मला ही दाखवावीच लागली असती. मग उशीर माफ होणं दूरच, खोटं बोलल्याबद्दल वेगळं प्रकरण झालं असतं. तुमच्या भावावर.”

अजितरावांनी हात जोडले.

“हात नका जोडू. मलाही एकदा माणूस पाठवायला हवा होता घरी. तुम्ही वकील बदललात असं वाटलं, थोडा रागही आला होता. तेही आपण लिहू.” त्यांनी कोरा कागद ओढला. “पण आधी ऐका. खरं कारण हे चांगलं कारण असतंच असं नाही. जज विचारतील. अर्ज फेटाळूही शकतात. आणि अर्जावर निकाल लागेपर्यंत हरीला हजर व्हावं लागेल. काही दिवस आत जातील.”

“चालेल,” हरी म्हणाला.

सोमवारी हरी स्वतः कोर्टात हजर झाला. त्याला परप्पन अग्रहारच्या कारागृहात नेलं. मंगळवारी तेरा दिवसांच्या उशिरासह अपील दाखल झालं. भेटीच्या दिवशी अजितराव कारागृहाच्या बाहेर रांगेत उभे राहिले. भिंतीवर मोठी पाटी होती. काय आणायचं, काय नाही, कुठल्या खिडकीवर जायचं. सगळी कन्नडमध्ये. मागे उभ्या असलेल्या म्हाताऱ्याला त्यांनी विचारलं, “अज्जा, हे काय लिहिलंय? मला वाचता येत नाही.” अनोळखी माणसापुढे त्यांनी हे वाक्य आयुष्यात पहिल्यांदा उच्चारलं. म्हाताऱ्याने सगळी पाटी वाचून दाखवली आणि केळी आत नेता येत नाहीत हेही सांगितलं. अजितरावांच्या हातात केळीच होती.

पुढच्या सोमवारी अर्ज सुनावणीला आला. सरकारी वकिलांनी विरोध केला. जज बाईंनी प्रतिज्ञापत्र वाचलं, मग चष्म्यावरून अजितरावांकडे पाहिलं. “एष्टु वर्ष आयतु बेंगळूरिगे बंदु?” बेंगळुरात येऊन किती वर्षं झाली?

“मूवत्तोंदु,” अजितराव म्हणाले. एकतीस.

“आणि पत्र वाचता आलं नाही?”

“नाही.”

“शेजारी कुणी वाचणारं नव्हतं?”

“होतं. दर महिन्याला विचारायचो तिथे, ह्याच वेळी विचारलं नाही. मला लाज वाटली. आणि मला सगळ्यांचा संशय आला. माझ्या भावाची ह्यात काही चूक नाही.”

कोर्टात कुणीतरी मागे हसलं. जज बाई हसल्या नाहीत. त्या बराच वेळ लिहीत होत्या. अजितरावांची नजर त्यांच्या पेनावर होती, आणि त्या काय लिहिताहेत हे कुणाच्या तरी तोंडून कळण्याची वाट पाहण्यापलीकडे त्यांना काही करता येत नव्हतं.

उशीर माफ झाला. अपील दाखल करून घेतलं, निकाल लागेपर्यंत शिक्षेला स्थगिती मिळाली. हुकमात जज बाईंनी एवढंच नोंदवलं, की कारण प्रशंसनीय नाही, पण प्रामाणिक आहे. हरी सात रात्रींनंतर घरी आला. पाठ दुखत होती, आणि वजन कमी झालं होतं. अपील अजून चालू आहे. त्यात काय होईल ते न्यायालय ठरवेल, आपण कथेत ठरवू नये. पण ते पान आता न्यायालयासमोर आहे, आणि हरीचं म्हणणं ऐकलं जाणार आहे.

अजितरावांनी त्याच आठवड्यात चिकपेटहून पहिलीचं कन्नड पुस्तक आणलं. रोज संध्याकाळी पाच वाजता ते वही घेऊन खाली विद्याअक्कांकडे जातात. अक्का कडक आहेत. अक्षर गिचमिड आलं की पुन्हा पान लिहायला लावतात. पहिल्या आठवड्यात अजितरावांना संशय आला, की बाई मुद्दाम अवघड शब्द देताहेत. तो त्यांनी बोलून दाखवला नाही, एवढी प्रगती म्हणायला हवी.

नागरिकहो, आपण पोटासाठी गाव सोडतो, दुसऱ्याच्या मुलखात घर करतो, तिथलं पाणी पितो, तिथल्या कायद्याखाली राहतो. मग तिथली अक्षरं ओळखणं हे काही उपकार नव्हेत. आणि ते जमत नसेल तर विचारावं. ‘मला येत नाही’ हे म्हणायला जी लाज वाटते, तिचाच पुढे संशय होतो, आणि आपण न वाचलेल्या कागदाचं पाप शेजाऱ्याच्या माथी मारतो. कोर्टाची मुदत चुकली तर माफीचा अर्ज तरी करता येतो. खोटा आळ घेतलेल्या माणसाकडे जायला मात्र आपलेच पाय लागतात, आणि ते जितक्या लवकर उचलले जातील तितकं बरं.

परवा पोस्टाने एक लांबट पाकीट आलं. पत्ता कन्नडमध्ये. अजितराव ते घेऊन दारातच उभे राहिले. दाराआडचा खिळा आता रिकामा आहे. हरी आतून बाहेर आला, पण त्याने हात पुढे केला नाही, थांबला. अजितरावांनी पाकीट फोडलं, कागद डोळ्यांजवळ धरला आणि बोट ठेवत ठेवत वाचू लागले. पहिली ओळ लागली नाही. दुसरी अर्धी लागली. तिसऱ्या ओळीवर बोट थांबलं.

“तारीख आहे,” ते म्हणाले. “हरी, बारा… बारा जून. अपिलाची पुढची तारीख. सकाळी अकरा.”

मग त्यांनी ती भिंतीवरच्या कॅलेंडरवर स्वतःच्या हाताने लिहिली, आणि कागद घेऊन खाली गेले, बरोबर वाचलं का ते अक्कांना विचारायला.